गव्हर्नरांनी चिठ्ठ्या परत मागवल्या

लोणीतल्या मिश्रीलाल पन्नालाल गुगळे यांना गावात गव्हर्नर म्हणत. नाव ठेवलं त्यांचे जुने मित्र सयाजी यांनी, आणि ठेवलं ते निव्वळ चेष्टेनं. पण मिश्रीशेठनी ते इतक्या गंभीरपणे अंगावर घेतलं, की पुढेपुढे चेष्टा करणाऱ्यालाच ओशाळं वाटू लागलं. दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं, की शेठ पेपरातलं ते कात्रण दुकानाच्या फळीवर चिकटवायचे. व्याजदर पाव टक्का वाढला, की चेहरा असा करायचे, जणू काल रात्री मुंबईहून त्यांनाच फोन आला होता आणि त्यांनी जड मनानं होकार दिला होता.

त्याला कारणही तसंच होतं. मिश्रीशेठचं स्वतःचं चलन होतं.

गोष्ट सुरू झाली दोन हजार नऊ साली. बाजाराच्या दिवशी सुट्ट्या पैशांचा दुष्काळ पडायचा आणि इतरांसारखे शेठही सुट्ट्याऐवजी लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. एक दिवस एक म्हातारा आला. तोंडात एकही दात नव्हता, पण धोतराच्या सोग्यात बांधलेल्या सदतीस गोळ्या होत्या. त्या त्यानं गल्ल्यावर ओतल्या आणि अर्धा किलो पोहे मागितले. शेठ म्हणाले, गोळ्यांवर माल मिळत नाही. म्हातारा म्हणाला, मग तुम्ही मला पैसे म्हणून काय दिलं होतं?

मिश्रीशेठ त्या रात्री जेवले नाहीत. आपण जी वस्तू पैसा म्हणून देतो ती पैसा म्हणून परत घेतली पाहिजे, नाहीतर ती नुसती गोळी, हे त्यांना त्या बोळक्या तोंडानं शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्या काढल्या.

व्यापाऱ्याच्या घरी वर्षाला दोनशे लग्नपत्रिका येतात. त्यांचे जाड कोरे भाग कापून शेठनी एक, दोन आणि पाच रुपयांच्या चिठ्ठ्या केल्या. वर दुकानाचा गोल शिक्का, खाली जांभळ्या शाईत सही. ‘चिठ्ठी आणा, साखर न्या’ असं पाटीवर लिहिलं. चिठ्ठी गिरणीत चालू लागली, न्हाव्याकडे चालू लागली, धर्माजीच्या चहाच्या गाडीवर चालू लागली. मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा तुकडा असायचा. अर्धं ‘चि. सौ. कां.’ देऊन माणूस दाढी करून यायचा.

पहिली दोन वर्षं शेठना फार गंमत वाटली. कागद कापायचा, सही करायची, की झाला पैसा. मग एका दिवाळीला त्यांनी जरा जास्तच सह्या केल्या, आणि महिन्याभरात धर्माजी पाच रुपयांच्या चहाला सहा रुपयांच्या चिठ्ठ्या मागू लागला. शेठ त्याच्याशी तावातावानं भांडले. धर्माजी शांतपणे म्हणाला, शेठ, तुमच्या चिठ्ठ्या लई झाल्या, माझा चहा तेवढाच हाय.

तिथं मिश्रीशेठचा गव्हर्नर झाला. त्यांनी आठवडाभर गूळ किलोमागे दोन रुपये स्वस्त केला, पण फक्त चिठ्ठीवर. चिठ्ठ्या धावत परत आल्या. त्या त्यांनी न्हाणीघराच्या बंबात घातल्या आणि त्या पाण्यानं अंघोळ केली. चहा पुन्हा पाचावर आला. उलट, कधी चिठ्ठ्या कमी पडल्या आणि लोक सुट्ट्यासाठी अडू लागले, की शेठ बायकांकडून मटकी-हुलगे घेऊन चिठ्ठ्या सोडायचे. आणि कायमचा नियम असा केला, की दुकानाच्या मागच्या खोलीत दोन पोती साखर न विकता ठेवायची आणि तिच्या किमतीपेक्षा एकही चिठ्ठी जास्त बाहेर जाऊ द्यायची नाही. अलीकडच्या भावानं हा आकडा चार हजार होता. वहीत प्रत्येक चिठ्ठीची नोंद होती. बारा वर्षं धर्माजीचा चहा फक्त दूध महागलं म्हणून महागला, चिठ्ठ्या वाढल्या म्हणून नाही. आयुष्यात मिश्रीशेठनी तीन गोष्टी केल्या होत्या. मुलगा अरिहंतला पुण्यात शिकवलं, मुलगी सिद्धीचं लग्न थाटात लावलं आणि लोणीची चिठ्ठी स्थिर ठेवली. त्यातल्या पहिल्या दोन कुणीही करतं, असं त्यांचं मत होतं.

दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात रिझर्व्ह बँकेनं दोन हजारांच्या नोटा परत मागवल्या. त्याच सुमाराला अरिहंतचा फोन आला. तो म्हणाला, पप्पा, आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे, सुट्ट्याचा प्रश्नच राहिला नाही. आणि हे चलन काढायचं काम सरकारचं असतं, कुणी तक्रार केली तर मला सुट्टी काढून यावं लागेल. शेठना कायद्याची भीती वाटली नाही, पण रिझर्व्ह बँकेशी सूर जुळवायची ही संधी सोडवेना. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘चिठ्ठ्या तीस सप्टेंबरपर्यंत बदलून मिळतील. घाबरून जाऊ नये.’ घाबरलं कुणीच नव्हतं, पण तसं लिहायची रीत असते.

पहिल्या महिन्यात सत्तावीसशे रुपयांच्या चिठ्ठ्या आल्या. काही फाटल्या असतील, काही पावसात गेल्या असतील, असा हिशोब करून साधारण साडेतीन हजारांवर मामला थांबेल, असं शेठनी जाहीरही करून टाकलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आकडा साडेतीन हजारांवर गेला. दुसऱ्या आठवड्यात चार हजार ओलांडले. शेठनी वही तीनदा तपासली. गणपती बसले त्या दिवशी आकडा सहा हजारांच्या पुढे होता, आणि बायका डाळीच्या डब्यातून, उशीच्या अभ्र्यातून, देव्हाऱ्याच्या खणातून चिठ्ठ्या काढून आणतच होत्या.

पैशाचं दुःख नव्हतं. पाच-सात हजारांनी गुगळ्यांची चूल विझणार नव्हती. पण चिठ्ठीला किंमत होती ती कशामुळे? कागदामुळे नाही, शिक्क्यामुळेही नाही. मिश्रीशेठ आकड्याबाहेर जात नाहीत, या एका भरवशामुळे. आणि आता आकडाच खोटा निघत होता. कुणीतरी त्यांची सही करत होतं. शेठ समोरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बोटांकडे बघू लागले, कुणाला जांभळा डाग दिसतो का म्हणून. जांभळं खाऊन आलेल्या एका शाळकरी मुलीची त्यांनी चांगली पाच मिनिटं उलटतपासणी घेतली.

अशात बाजाराच्या दिवशी सयाजी आले. सयाजींचं मळ्यात घर, बायको बयाबाई आदल्या वर्षी गेलेली. कित्येक वर्षं ते रोज सकाळी शेठच्या बाकावर बसायचे, पेपर वाचायचे आणि रिझर्व्ह बँकेच्या कारभारावर शेठना जाब विचारायचे. त्या दिवशी त्यांच्या हातात स्टीलचा एक डबा होता. तो त्यांनी गल्ल्यावर ठेवला. बयाबाईच्या कपाटात लुगड्यांखाली सापडला म्हणाले. आत चिठ्ठ्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या, सहाशे चाळीस रुपयांच्या.

दुकानात गर्दी होती. शेठनी चिठ्ठ्या मोजल्या, आणि पंधरा दिवस मनात कोंडलेलं तोंडातून बाहेर पडलं.

“सयाजी, मी एवढ्या काढल्याच नाहीत.”

सयाजी हसले. त्यांना वाटलं, गव्हर्नर नेहमीप्रमाणे भाव खातायत. म्हणाले, “मग काय बयानं झाडाच्या तोडल्या व्हय, शेठ?”

“झाडाच्या नाही. तुझी नात मंचरला झेरॉक्सच्या दुकानात बसते ना? आरोही? तिथं मशीन असतं म्हणे सगळं.”

दुकानातली कुजबुज थांबली. पडद्यामागे शेठच्या पत्नी उगमबाई शेंगदाणे पाखडत होत्या. सुपाचा आवाजही थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला.

सयाजींनी शेठकडे बराच वेळ बघितलं. एकदा पडद्याकडेही बघितलं. मग टोपी सारखी केली आणि निघाले. डबा तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा राहिला. तिसऱ्या दिवशीही. शेठनी पेपर मोठ्यानं वाचून पाहिला, पण रिझर्व्ह बँकेला जाब विचारणारं कुणी नव्हतं.

शेठचा पन्नास वर्षांचा रिवाज होता. एक ते चार जेवून झोपायचं, आणि त्या वेळात दुकान उगमबाईंनी सांभाळायचं. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना झोप लागेना. ते आतल्या खोलीत खाटेवर बसले आणि बयाबाईचा डबा उघडून चिठ्ठ्या चाळू लागले. आजवर त्यांनी चिठ्ठी कधी उलटी करून बघितली नव्हती. आकडा पुढच्या बाजूला असतो. मागच्या बाजूला कुणाची तरी लग्नं असतात, त्यांच्याशी गव्हर्नरांना काय करायचंय? त्या दुपारी करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी एक उलटी केली. छापलं होतं, ‘आपला नम्र, मिश्रीलाल पन्नालाल गु’. पुढचं कात्रीनं खाल्लं होतं.

त्यांनी दुसरी उलटी केली. ‘सिद्धी हिचा शुभ’. तिसरी. ‘भोजनाचे अगत्याचे’ असं होतं.

सिद्धीच्या लग्नाच्या साठेक पत्रिका उरल्या होत्या. शेठनी त्या पेटीत जपून ठेवल्या होत्या आणि त्यांना कात्री लावायची नाही असं घरात बजावलं होतं. त्या पेटीची किल्ली उगमबाईंच्या कमरेला होती.

सहीसुद्धा त्यांनी पहिल्यांदा नीट बघितली. त्यांच्या सहीची शेपटी खाली जायची. ही वर जात होती, जरा ऐटीत.

गुगळ्यांच्या घरात बोलणं मारवाडीत चालायचं आणि भांडण मराठीत, कारण भांडायला मराठीत शब्द जास्त आहेत असं दोघांचं एकमत होतं. शेठनी पडदा सारला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी चिठ्ठी उगमबाईंपुढे धरली आणि मराठीत विचारलं, “ही कुणाची सही?”

उगमबाईंनी चष्मा वर केला. नाही म्हणाल्या असत्या तर शेठनी विश्वास ठेवला असता. तेवढी त्यांची तयारी होती. पण त्या म्हणाल्या, “तुमची. मी केलेली.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना शेंगदाणे निवडायचं थांबवलं नाही. बाराच्या सालचा दुष्काळ. शेतात काम नाही, मजुरी नाही. दुपारी शेठ झोपले, की बायका दाराशी यायच्या. उधार नको म्हणायच्या, काही काम द्या म्हणायच्या. उगमबाईंनी त्यांच्याकडून पापड लाटून घेतले, शेवया करून घेतल्या, धान्य निवडून घेतलं, आणि मोबदला म्हणून चिठ्ठ्या दिल्या. शेठच्या चिठ्ठ्या पुरेनात, तेव्हा स्वतः कापल्या. शिक्का गल्ल्यातच होता. सही पहिल्या दिवशी अवघड गेली, नंतर हात बसला.

“ते पापड तर आपण मंचरहून मागवायचो.”

“मंचरचे पापड एवढे पातळ असतात का कधी?” उगमबाई म्हणाल्या. “अकरा वर्षं खाताय.”

शेठना त्यातही एक गोष्ट समजेना. दुप्पट चिठ्ठ्या बाहेर असताना धर्माजीचा चहा महाग कसा झाला नाही? त्याचं उत्तर उगमबाईंकडे तयार होतं. पुरुष चिठ्ठी घेऊन चहाला जातात, बायका ती ठेवून देतात. दुखण्याला, बाळंतपणाला, माहेरी जायला. बाजारात फिरल्याच नाहीत, तर भाव कसा वाढेल? एवढी साधी गोष्ट त्यांनी अशा स्वरात सांगितली, की शेठना फळीवरची सगळी कात्रणं एकदम जुनी वाटू लागली. वही त्यांनी लिहिली होती. पोती त्यांनी राखली होती. त्या साखरेला लागणाऱ्या मुंग्यांशी बारा वर्षं ते लढले होते. आणि अवघड सालांत गावात पैसा खेळता ठेवला होता तो दुपारच्या पाळीनं.

पण शेवटचा प्रश्न त्यांनी विचारलाच. “मी सयाजीला चार लोकांत चोर ठरवला, तेव्हा तू पडद्यामागे होतीस.”

आता मात्र उगमबाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, “बोलले असते, तर लोकांसमोर तुमची गव्हर्नरी गेली असती.”

“म्हणून माझा मित्र घालवलास.”

शेठ चपला घालून बाहेर पडले.

मळ्यापर्यंतच्या वाटेवर त्यांनी माफीची चार वाक्यं जुळवली. सयाजी गोठ्याजवळ बसले होते. शेठनी पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं सुरू करायच्या आत सयाजींनीच त्यांना खाटेवर बसवलं आणि चहा सांगितला. सोडा वो, म्हणाले, आपल्यात काय राहिलंय आता धरून ठेवायला. शेठना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी सगळंच सांगून टाकलं. उगमबाई, पेटी, पत्रिका, वर जाणारी शेपटी. घरातलं माणूस असं करतं, सयाजी, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

सयाजी ऐकत होते, पण चकित झालेले दिसत नव्हते. म्हशीकडे बघत होते.

“तुला माहीत होतं,” शेठ म्हणाले.

“बाईंची चिठ्ठी व्हय? म्हाईत व्हतं की.”

“कधीपासून?”

“पयल्यापासून. बयाच जायची पापड लाटाया.” मग, आता लपवण्यात काही अर्थ नाही असं वाटून असेल, ते पुढे म्हणाले, “समद्या गावाला म्हाईत व्हतं, शेठ. खाली शेपूट ती शेठची, वर शेपूट ती बाईची. तुमची आधी खर्चायची, बाईंची ठेवायची. तुमी लई चौकशी करता, बाई काय बी इचारत न्हाईत.”

“धर्माजीला?”

“त्यालाबी.”

“आणि मी तुझ्यावर आळ घेतला, तरी तू गप्प बसलास.”

“बाईंचं नाव कसं घेऊ भर बाजारात? त्यांनी न्हाई घेतलं, मग म्या कुठून घेऊ.”

चहा आला. मिश्रीशेठनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. माफी मागायला आलेला माणूस तक्रार घेऊन परत निघतो, तेव्हा त्याचं काय होतं ते त्यांच्या चालीवरून दिसत होतं. बायकोनं फसवलं ते एकवेळ घरातलं. पण ज्या बाकावर बसून हा माणूस अकरा वर्षं त्यांना ‘काय गव्हर्नर, आज चलनवाढ किती’ विचारत होता, त्या प्रत्येक सकाळी त्याला ठाऊक होतं. आणि त्यानं ते मायेनं लपवलं होतं. रागानं फसवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

बांधापाशी ते वळले. “तू मला सांगायला पाहिजे होतंस.”

“सांगितलं असतं, तर तुमी बंद केलं असतं,” सयाजी म्हणाले.

ते खरं होतं. शेठनी एका दिवसात बंद केलं असतं, गूळ स्वस्त करून, बंब पेटवून. खरं होतं म्हणूनच ते चालू लागले.

अरिहंतनं फोनवर सल्ला दिला, की वहीतले चार हजार द्यायचे आणि उरलेल्या चिठ्ठ्या खोट्या म्हणून जाहीर करायच्या. शेठनी त्याला समजावलं, की एक चिठ्ठी खोटी म्हटली, की दुसऱ्या क्षणी सगळ्या खोट्या होतात. उगमबाईंनी स्वतःच्या शिलकीतून फरक भरायची तयारी दाखवली. शेठ मारवाडीत म्हणाले, सही माझ्या नावाची आहे. बोलण्यात मारवाडी परत आली एवढंच. जेवताना ते पापड बाजूला ठेवू लागले.

तीस तारखेपर्यंत अकरा हजार दोनशे रुपये गेले. खाली शेपटी असो की वर, शेठनी प्रत्येक चिठ्ठीचे पैसे रोख मोजले आणि एकाही बाईला काही विचारलं नाही. सयाजी पंचवीस तारखेपासून पुन्हा बाकावर येऊ लागले. पेपर वाचायचे, जाब मात्र विचारत नव्हते. डब्याचे पैसे शेठनी पुढे केले, ते त्यांनी मुकाट्यानं घेतले. दोघंही फार नीट वागत होते, पहिल्यांदाच भेटलेल्या पाहुण्यांसारखे.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी दुकानात कुणी नव्हतं. शेठ परत आलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे पोत्यात भरत होते, एवढ्यात भागू आली. भागू निवडण-टिपणाला येणारी बाई. तिच्या मुठीत पाच रुपयांची एक चिठ्ठी होती.

“बाई हायेत का?”

“आत आहेत. पण दे इकडं, मी देतो पैसे.”

भागूनं मूठ उघडली नाही. “नगं. येते मग उद्या दुपारी.”

“अगं, आजचा शेवटचा दिवस आहे. पाटी वाचली नाहीस का?”

भागूनं पाटीकडे बघितलं, मग शेठकडे. त्यांना वाईट वाटू नये अशा बेतानं, अगदी हळू म्हणाली, “ती तुमची पाटी, शेठ. बाई म्हनल्यात, त्यांच्याकडं शेवटचा दिस नसतो.”

आणि चिठ्ठी कनवटीला खोचून ती निघून गेली. शेठनी पडद्याकडे बघितलं. आत सूप चाललं होतं, एका लयीत, न थांबता. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. बाकावर सयाजींनी पेपर जरा वर धरला होता, चेहरा झाकेल इतका.

मिश्रीशेठनी पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून बांधलं आणि हाक मारली नाही.